बोंडअळीचे शास्त्र आणि फवारणारा माणूस

आपल्या चळवळीत विज्ञानाविषयी पुष्कळ बोलले जाते. 'वैज्ञानिक दृष्टी स्वीकारा' असे आपण व्यासपीठावरून सांगतो, लेखातून लिहितो, आणि अंधश्रद्धेवर टीका केली म्हणजे विज्ञानाविषयीचे आपले कर्तव्य संपले असे समजतो. परंतु एखादा शास्त्रज्ञ रोज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन नेमके काय करतो, त्याच्या निष्कर्षांचा उपयोग कोण करून घेतो, आणि त्या निष्कर्षांची किंमत कोणाच्या शरीराला मोजावी लागते, हे प्रश्न आपल्या चर्चेत क्वचितच येतात. हे प्रश्न शेतीच्या क्षेत्रात विचारणे तर अधिक आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या लोकांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतमजूर होते. म्हणजे शेतीच्या शास्त्रात जे घडते ते सर्वांत आधी आपल्याच माणसांच्या अंगावर येते.

हा लेख मी एका कीटकशास्त्रज्ञाच्या संशोधनाविषयी लिहितो आहे. त्यांचे नाव डॉ. केशव क्रांती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम केले. माझे गाव कोंढा भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आहे आणि आमचा मुलूख धानाचा आहे, कापसाचा नव्हे. तरीही कापसाच्या अळीचा हा अभ्यास कोंढ्याच्या शेतमजुराने समजून घेतला पाहिजे असे माझे मत आहे. का, ते पुढे येईलच.

१

केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली नागपूरला स्थापन झाली. डॉ. क्रांती यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून १९९१ साली डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी ते नागपूरच्या संस्थेत रुजू झाले. २००८ साली ते या संस्थेचे संचालक झाले. २००९ साली आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीने त्यांना वर्षाचा कापूस संशोधक म्हणून गौरविले, आणि २०१७ साली याच समितीच्या वॉशिंग्टन येथील कार्यालयात तांत्रिक माहिती विभागाचे प्रमुख म्हणून ते गेले. ही झाली बाहेरची हकीकत. कोणाही मोठ्या अधिकाऱ्याची अशी हकीकत देता येते. महत्त्वाचा प्रश्न असा की ते नागपूरला आले तेव्हा कापसाच्या शेतात काय घडत होते?

१९८० च्या आसपास आपल्याकडे सिंथेटिक पायरेथ्रॉईड वर्गातील कीटकनाशके आली. थोड्या औषधात अळी पटकन मरत असे, म्हणून शेतकरी त्यांवर खूष झाला. परंतु १९८७ साली आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात हिरव्या बोंडअळीने कापूस खाऊन टाकला आणि फवारण्यामागून फवारण्या करूनही ती मरेना. कर्जबाजारी झालेल्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. दहा वर्षांनी, १९९७-९८ साली, वारंगळकडे पुन्हा तेच घडले. गावोगाव दोनच खुलासे ऐकू येत होते. एक, औषध बनावट आहे. दोन, कीड हुशार झाली आहे. पहिला खुलासा काही ठिकाणी खराही होता. दुसरा मात्र तपासायला हवा होता आणि तो तपासण्याचे काम कीटकशास्त्राचे होते.

२

हे तपासतात कसे? शेतातून अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत आणतात. हिरवी बोंडअळी आपल्याच भावंडांना खाते, म्हणून प्रत्येक अळीला वेगळ्या खणात ठेवून हरभऱ्याच्या पिठापासून केलेले खाद्य देतात. त्यांची पुढची पिढी तयार झाली म्हणजे ठराविक वजनाच्या अळ्या निवडतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर मोजून मापून औषधाचा एक अतिसूक्ष्म थेंब ठेवतात. किती मात्रेला किती अळ्या मेल्या याची नोंद होते. ज्या अळ्यांनी कधी औषध पाहिलेच नाही अशा अळ्यांशी या नोंदीची तुलना करतात. निम्म्या अळ्या मारण्यासाठी पूर्वी जेवढे औषध लागत होते त्याच्या किती पट आता लागते, हा आकडा म्हणजे प्रतिकारशक्तीचे माप.

डॉ. क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम देशाच्या अनेक कापूस जिल्ह्यांतील अळ्या आणून वर्षानुवर्षे केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कापसाच्या पाच प्रमुख किडींचा हिशेब आहे : हिरवी बोंडअळी, शेंदरी बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि पांढरी माशी. हिरव्या बोंडअळीत पायरेथ्रॉईड औषधांविरुद्धची प्रतिकारशक्ती काही ठिकाणी शेकडो पटींनी वाढलेली आढळली. म्हणजे डबीवर लिहिलेल्या मात्रेने ती मरण्याची शक्यताच उरली नव्हती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. 'कीड हुशार झाली' हे बोलणे चुकीचे आहे. अळी काही शिकत नाही आणि औषधाची सवयही लावून घेत नाही. उदाहरणादाखल असे समजा की एका शेतात हजार अळ्या आहेत. त्यांतल्या पाचांच्या शरीरात जन्मतःच असा एखादा फरक आहे की औषध मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधीच ते फोडून टाकले जाते. फवारणी झाली, नऊशे पंचाण्णव मेल्या, पाच उरल्या. आता पतंग होऊन अंडी घालणार त्या याच पाच. पुढच्या पिढीत हा फरक अनेकींत येणार. तेच औषध पुन्हा फवारले की पुन्हा तीच निवड होणार. हिरव्या बोंडअळीची एक पिढी महिना-दीड महिन्यात पूर्ण होते. एका हंगामात चार पिढ्या, आणि प्रत्येक पिढीवर तेच विष. आपण अळी मारत नसतो, न मरणारी अळी निवडून वाढवीत असतो. हा निसर्गाचा साधा हिशेब आहे, आणि जो कोणी शेतात पंप चालवतो त्याला तो माहीत असणे हा त्याचा हक्क आहे.

या हिशेबातून जो उपाय निघाला तो औषध कंपन्यांच्या सोयीचा नव्हता. फवारणी उशिरा सुरू करावी, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत ढालकिडे, कोळी, क्रायसोपा हे मित्रकीटक शेतात टिकतील. एकाच वर्गाचे औषध लागोपाठ वापरू नये. दोन औषधे एकत्र कालवू नयेत. झाडे मोजून, अळ्या मोजून, नुकसानीची पातळी ओलांडली तरच पंप उचलावा. नागपूरच्या संस्थेने अशी शिकवण घेऊन २००२ पासून अनेक राज्यांतील गावांत कार्यक्रम चालविला. त्याचा मूळ विचार 'कमी फवारा' हा होता. आणि कमी फवारा याचा अर्थ मजुराच्या अंगावर कमी विष, असाही होतो. हा दुसरा अर्थ मात्र कार्यक्रमाच्या मथळ्यात कुठे नव्हता.

३

२००२ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कापसाच्या झाडात घातलेले असते, त्यामुळे झाडच अळीला मारणारे प्रथिन तयार करते. या बियाण्याभोवती दोन टोकांच्या घोषणा उठल्या. एका बाजूला 'आता फवारणी संपली', तर दुसऱ्या बाजूला 'हे बियाणेच विष आहे'. आपल्याकडचे बरेच विचारवंतही या दोहोंपैकी एका बाजूला जाऊन बसले. डॉ. क्रांती यांच्या कामाचे मोल मला येथे विशेष वाटते. त्यांनी घोषणा बाजूला ठेवली आणि झाडाच्या कोणत्या भागात किती प्रथिन आहे हे मोजले.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दाखविले की हे प्रथिन पानांत सर्वांत जास्त असते, पण पात्या, फुले आणि बोंडे यांत ते कमी पडते. बोंडअळीला खायचे असते ते नेमके हेच भाग. शिवाय झाड जसजसे जुने होते तसतसे प्रथिन घटत जाते आणि सुमारे ११० दिवसांनंतर ते अळी मारण्यास पुरत नाही. वेगवेगळ्या संकरित वाणांत घटण्याचा वेगही वेगळा निघाला. म्हणजे एकाच जनुकाच्या नावाने विकलेल्या पिशव्या सारख्या गुणाच्या नव्हत्या. बियाण्यात हे जनुक आहे की नाही हे ओळखण्यासाठी संस्थेने चाचणी-संच तयार केले, त्यामुळे बनावट बियाण्याला पकडणे शक्य झाले.

भारतातील बीटी कापूस जवळजवळ सर्व संकरित स्वरूपात आला. याचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम आर्थिक : संकरित सरकी पुढच्या वर्षी पेरता येत नाही, म्हणून दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. दुसरा परिणाम कीटकशास्त्रीय आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. संकरित झाडात जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल तर त्याच्या बोंडात तयार होणाऱ्या चार सरक्यांपैकी साधारण एका सरकीत ते नसते. शेंदरी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला काही सरक्या विषारी मिळतात, काही बिनविषारी. अर्धेमुर्धे विष खाऊन जगलेल्या अळ्यांतून प्रतिकारशक्तीची निवड होत जाते. त्यात आपले संकरित वाण पाच-सहा महिने शेतात उभे असतात, म्हणजे हिवाळ्यात जोर धरणाऱ्या शेंदरी अळीला घरच मिळाले. बीटीभोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असतात, त्यासाठी पिशवीसोबत वेगळी पुडी मिळत असे. ती बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. आधीच लहान तुकडा असलेल्या माणसाने अळीला खाण्यासाठी पाचवा हिस्सा सोडावा ही अपेक्षा कागदावर सोपी होती.

व्हायचे तेच झाले. पहिल्या बीटीला शेंदरी अळी दाद देत नाही ही गोष्ट २०१० साली गुजरातमधून जाहीर झाली. २००६ पासून आलेल्या दोन जनुकांच्या बीटीविरुद्धही तिने प्रतिकारशक्ती मिळविल्याचे नागपूरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी नोंदविले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे तिने आतून पोखरली.

यात सार्वजनिक संस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सरकारी संस्थांनी मिळून बिकानेरी नर्मा नावाचे बीटी सरळ वाण काढले होते. त्याची सरकी शेतकऱ्याला घरी ठेवता आली असती. २००९ साली ते विक्रीस आले, पण खाजगी कंपनीच्या जनुकाची भेसळ त्यात आढळल्याने ते मागे घ्यावे लागले आणि चौकशी समिती नेमली गेली. गरीब शेतकऱ्याला परवडणाऱ्या सरकारी बियाण्याची ती संधी अशी हातची गेली. पुढे संस्थेने कमी दिवसांत येणारी सरळ वाणे दाट लावून घेण्याचे प्रयोग विदर्भात केले. पीक लवकर निघाले तर शेंदरी अळीचा मुख्य काळ टळतो आणि बियाणेही दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, हा त्यामागचा विचार होता. संचालक असताना डॉ. क्रांती यांनी या विचाराची बाजू सातत्याने मांडली.

२०२० साली त्यांनी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांच्यासोबत एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात बीटी कापसाच्या जवळपास वीस वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या काळात हिरव्या बोंडअळीसाठीची फवारणी घटली हे त्यांनी मान्य केले. पण कापसाचे उत्पादन वाढल्याचे जे श्रेय बीटीला दिले जाते ते खते, सिंचन आणि नवी कीटकनाशके यांच्याशी अधिक जुळते असे त्यांनी दाखविले. आणि २०१८ साली शेतकऱ्याचा हेक्टरी कीटकनाशकावरील खर्च बीटीपूर्व काळापेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक झाला होता, हा आकडा दिला. या निबंधावर वाद झाला. काही अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. असा वाद होणे चांगलेच. शास्त्राचा प्रभाव सगळ्यांनी माना डोलावल्याने दिसत नाही. ज्या प्रश्नाला एक आकडा देऊन सगळे गप्प बसले होते तो प्रश्न पुन्हा उघडला गेला, हा या संशोधनाचा खरा प्रभाव आहे असे मी मानतो.

४

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येतो.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे वीसहून अधिक लोक विषबाधेने मेले आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कापसाचे झाड माणसाच्या उंचीएवढे वाढले होते. फवारणारा कमरेखाली फवारत नव्हता, तोंडासमोर आणि डोक्यावर फवारत होता. पंप बॅटरीवर चालणारे होते, त्यांतून बारीक धुके उडत होते. दोन-दोन तीन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. सरकारने विशेष तपास पथक नेमले, बैठका झाल्या, काही औषधांवर काही काळ बंदी आली.

या घटनेत मेलेल्यांत आणि आजारी पडलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारणारे मजूर मोठ्या संख्येने होते. फवारणी हे शेतीतले असे काम आहे की ज्याची जमीन आहे तो, परवडले तर, ते दुसऱ्याकडून करून घेतो. धुऱ्यावर उभे राहून तो सांगतो, 'जरा जास्त टाक'. पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरतो तो भूमिहीन. गावात मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्या तर्काने एका जातीच्या माथी मारले गेले होते, तोच तर्क येथे मजुरीच्या रूपाने वावरतो आहे. घाण आणि धोका खाली ढकलायचा आणि खालचा माणूस तो घेतो कारण त्याला रोजी हवी असते.

यातील शास्त्र साधे आहे. ऑर्गनोफॉस्फरस वर्गातील औषधे मज्जातंतूंमध्ये निरोप थांबविणाऱ्या एका रसायनावर हल्ला करतात. हे रसायन अळीच्या शरीरात जे काम करते तेच माणसाच्या शरीरात करते. म्हणून फवारणाऱ्याला घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. विषाला अळी आणि मजूर यांतला फरक कळत नाही. परंतु एक फरक आहे आणि तो मजुराच्या विरुद्ध जातो. अळीची पिढी महिन्यात बदलते, म्हणून ती विषाला पुरून उरते. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची. अळीची प्रतिकारशक्ती वाढते तशी औषधाची मात्रा वाढते, आणि वाढलेली प्रत्येक मात्रा ज्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती येणार नाही त्याच्या अंगावर पडते. प्रयोगशाळेत शेकडो पट म्हणून जो आकडा लिहिला गेला त्याची शेतातली दुसरी बाजू ही आहे.

आपल्या कृषिशास्त्राच्या तक्त्यांत हेक्टर असतो, क्विंटल असतो, खर्च असतो, नफा असतो. फवारणाऱ्याच्या शरीराचा रकाना नसतो. डॉ. क्रांती यांच्यासारख्या प्रामाणिक शास्त्रज्ञाने मोजमाप केले म्हणून निदान हे कळले की फवारा का वाढला. पण त्या मापाची ओळ मजुरापर्यंत नेण्याचे काम एकट्या शास्त्रज्ञाचे नाही. ते आपले आहे, आणि आपण ते केलेले नाही.

५

कोंढ्याच्या धानाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. आमच्याकडे रोवणी झाली, धान गर्भात येऊ लागले की बांधीत तुडतुड्याची भीती सुरू होते. धानाच्या बुडाशी बसून तो रस शोषतो, आणि जळाल्यासारखे गोल चट्टे पडतात. चट्टा दिसला की पंप निघतो. पण तपकिरी तुडतुडा अंडी घालतो पानाच्या देठाच्या आवरणात, तेथे औषध पोचत नाही. मरतात ते बांधीतले कोळी आणि तुडतुड्याची अंडी शोषणारे ढेकूण. आठ-दहा दिवसांनी अंडी फुटतात तेव्हा त्यांना खाणारे कोणीच उरलेले नसते. म्हणून चुकीचे औषध फवारल्यावर तुडतुडा पूर्वीपेक्षा जास्त होतो.

ही गोष्ट आशियातील भात संशोधकांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत सिद्ध केली. तिचा परिणाम काय झाला हे इंडोनेशियात पाहावे. तेथील सरकारने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे औषधांवरील अनुदान बंद केले आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू केल्या. शेतकरी आठवड्यातून एकदा बांधीत उतरत, किडे पकडत, त्यांची चित्रे काढत, कोण कोणाला खातो हे लिहीत आणि फवारायचे की नाही हे स्वतः ठरवीत. फवारणी कमी झाली म्हणून तेथे भाताचा दुष्काळ पडला नाही. कापूस असो की धान, नियम एकच निघतो. विष जितके आंधळेपणाने टाकाल तितकी कीड वाढेल, आणि तितके फवारणाऱ्याचे आयुष्य घटेल.

महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाच शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शास्त्र मिळाले पाहिजे अशी मागणी केली होती. आज शेतीचे शास्त्र पुष्कळ झाले, विद्यापीठे झाली, पण शेतमजुराच्या मुलापर्यंत ते पोचले आहे काय?

६

येथे शिक्षक मित्र म्हणतील की आमच्याजवळ प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आम्ही कसले कीटकशास्त्र करणार? त्यांच्यासाठी मी आणखी एका कीटकशास्त्रज्ञाचे नाव सांगतो. चार्ल्स हेन्री टर्नर, जन्म १८६७, अमेरिकेतील सिनसिनाटी. कृष्णवर्णीय. शिकागो विद्यापीठाने १९०७ साली त्यांना डॉक्टरेट दिली. अशी पदवी मिळवूनही संशोधनाची सोय असलेल्या मोठ्या विद्यापीठात त्यांना जागा मिळाली नाही. १९०८ पासून त्यांनी सेंट लुईस शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या समनर हायस्कूलमध्ये शिकविले. शाळेच्या वेळेनंतर, सुट्टीत, बागेत, स्वतः तयार केलेल्या साध्या साधनांनी त्यांनी प्रयोग केले. मधमाशीला रंग ओळखता येतो, आकृती ओळखता येते, झुरळ अनुभवाने शिकते, पतंगाला आवाज ऐकू येतो, हे त्यांनी दाखविले. सत्तरच्या आसपास निबंध लिहिले. ते १९२३ साली वारले. जगाने त्यांच्या कामाकडे पुरेसे लक्ष द्यायला फार उशीर केला.

टर्नर यांचे उदाहरण देताना मला त्यांच्यावरील अन्यायाचे कौतुक करायचे नाही. अन्यायाने कोणी शास्त्रज्ञ होत नाही. जागा मिळाली असती तर त्यांनी याहून अधिक केले असते, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी तयार झाले असते. आपल्याकडील कृषी विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत आपल्या मुलांना जागा मिळावी, राखीव जागा रिकाम्या ठेवल्या जाऊ नयेत, यासाठी लढावेच लागेल. पण तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही, एवढेच टर्नर यांच्याकडून घ्यायचे. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त जातीच्या समर्थकांचा आनुवंशिकतेचा युक्तिवाद खोडला तो त्याच शास्त्राचा आधार घेऊन. शास्त्र विरोधकाच्या हातात सोडून द्यायचे नाही, हा धडा आपल्या परंपरेतच आहे.

७

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे मी काही ठोस गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक गावात औषधाच्या डबीवरील माहिती मोठ्याने वाचून दाखविली जावी. डबीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे चार रंग वाचायला अक्षरओळख लागत नाही, पण ते कोणीतरी सांगावे लागतात.

दुसरी, कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे आहेत. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे, श्वसनाचे साधन आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद त्या नियमांत आहे. मजुरीचा दर ठरविताना ही साधने मागणीपत्रात आली पाहिजेत. हातमोजे ही मालकाची मेहरबानी समजू नये.

तिसरी, औषधे कालवून फवारण्यास आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारण्यास नकार देण्याचा अधिकार मजुराने एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून वापरावा. एकट्याने नकार दिला तर दुसऱ्या दिवशी त्याची रोजी जाते.

चौथी, माध्यमिक शाळेतील विज्ञानाचा एक तास खरिपात बांधीत घ्यावा. दहा चुडांच्या बुडाशी किती तुडतुडे, किती कोळी, हे मुलांनी दर आठवड्याला मोजून वहीत लिहावे. ती वही ग्रामसभेत वाचावी. ज्या दिवशी मजुराची मुलगी उभी राहून सांगेल की 'या आठवड्यात फवारणीची गरज नाही, आकडे हे आहेत', त्या दिवशी धुऱ्यावरून येणारा 'जास्त टाक' हा हुकूम पुराव्यानिशी अडेल.

पाचवी, विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना औषधाची डबी सोबत न्यावी. कोणते विष आहे हे कळले तरच डॉक्टरला योग्य उतारा लवकर देता येतो. या एका साध्या गोष्टीने जीव वाचू शकतो.

शास्त्रज्ञाच्या कामाचा प्रभाव त्याच्या निबंधांचे उल्लेख किती झाले यावरून विद्यापीठात मोजला जातो. ते माप विद्यापीठाला असू द्या. डॉ. क्रांती यांनी अळीच्या पाठीवर थेंब ठेवून जे मोजले ते फवारणाऱ्याच्या पाठीवरील पंपाचे ओझे किती कमी करू शकले, हे माप आपण हाती घेतले पाहिजे. आज तरी ते माप फारसे समाधानकारक नाही. ते वाढविण्याची जबाबदारी प्रयोगशाळेइतकीच आपल्या संघटनांवर आणि आपल्या शाळांवर आहे.